एका वेळी एकच डबा

नवा माणूस भेटला की लोक त्याचं नाव-गाव विचारतात. मास्तर तसलं काही विचारत नसत. तो दारातून आत येऊन खुर्चीत टेकेपर्यंत त्याच्याकडे नुसते बघत, आणि तो गेला की मला हळूच सांगत, "जलद जळणारा आहे. गोळी हलकी." किंवा, "हा सावकाश. वजन ओढेल, पण याला नळी लांब लागेल." आमच्या नेमबाजी क्लबात येणारा प्रत्येक जण, पोलीस अधिकाऱ्यापासून पाण्याच्या बाटल्या टाकणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत, त्यांच्या मनातल्या बंदुकीच्या पावडरच्या तक्त्यात कुठे ना कुठे बसलेला होता. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'मध्यम' ठरवून टाकलं. "मध्यम वाईट नसतं भो," ते म्हणाले, "मध्यम कुठंही चालतं. फक्त कुठंच उत्तम चालत नाही." मी तेव्हा हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

क्लब मस्कतजवळच्या अल अमेरातच्या मागे, बोडक्या डोंगरांच्या कुशीत. आमचे मालक ओमानी, सगळे त्यांना अर्बाब म्हणत. त्यांना नेमबाजीचं वेड होतं आणि बाजारातल्या तयार काडतुसांवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी रीतसर परवाने काढून काडतुसं भरायची एक खोली बांधली आणि खानदेशातल्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेल्या मास्तरांना तिथे आणून बसवलं. मी दापोलीकडचा, क्लबाचा स्टोअरकीपर. रिकाम्या पुंगळ्या, गोळ्या, ठिणगी देणाऱ्या टोप्या आणि पावडरचे डबे माझ्या ताब्यात. ते खोलीच्या दारापर्यंत पोचवायचे एवढंच माझं काम. दाराच्या आत मास्तरांचं राज्य.

आत जायचं तर अंगात सुती कपडे हवेत. टेरिकॉटमधून ठिणगी उडते हा त्यांचा धोशा. एकदा खुद्द अर्बाब पाहुणे घेऊन खोली दाखवायला आले. मास्तरांनी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र दिशदाशाची बाही दोन बोटांत धरून चोळली आणि मान हलवली. "ये कपडा नहीं चलेगा, अर्बाब. बाहर से देखो." पाहुण्यांसमोर मालकाला उंबऱ्याबाहेर उभं करणारा नोकर मी आखाती देशात दुसरा पाहिला नाही. अर्बाब क्षणभर लाल झाले, मग हसत पाहुण्यांना म्हणाले, "शुफ, देखो, इसलिए मेरा मास्टर जिंदा है." मोबाइल दाराबाहेरच्या फळीवर ठेवायचा. काम चालू असलं की दाराला लाल फडकं. फडकं लटकत असताना भूकंप झाला तरी हाक मारायची नाही.

पण या सगळ्यांच्या वर एक नियम होता. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. दुसरा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली गळ्यात. संध्याकाळी मापाच्या काचेच्या नळकांड्यात उरलेली पावडर ज्या डब्यातून आली त्याच डब्यात परत जायची, आणि हे काम मास्तर स्वतः करत. नळकांडं पुसून उजेडात धरत, आत एक कण राहिला असला तरी मऊ ब्रशाने खाली पाडत. घरात देवाची भांडी घासताना बायका करतात तेवढ्या निगुतीनं.

एवढा सोवळेपणा कशासाठी, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. ते मला कळलं माझ्याच घरी, एका शुक्रवारी. मास्तर एकटे राहत, क्लबाच्याच आवारातल्या खोलीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणून महिन्यातून एखाद्या शुक्रवारी मी त्यांना जेवायला आणत असे. त्या दिवशी आम्ही अल मवालेहच्या मंडईतून भाजी घेऊन परत आलो होतो. तिथेही त्यांनी काटा न बघता कांद्याची पिशवी हातात जोखून "दोन किलोला कमी आहे" असं भाजीवाल्याला ऐकवून बाजारात तमाशा केला होता, आणि पिशवी खरोखरच कमी भरली होती. जेवताना माझ्या मुलीनं विचारलं, "अंकल, गन पावडर इज गन पावडर, ना? मग एवढे डिफरंट डबे का?"

तिला मराठी अडखळत येतं. मास्तरांना इंग्रजी तेवढंच. पण त्यांनी ताट बाजूला सारलं आणि समजावायला बसले.

"तुझ्या बाबाची गाडी वाळूत रुतलीय, बरं का. तू मागून पळत येऊन धाडकन धक्का दिलास तर काय होईल?"

"नथिंग. माझा हात दुखेल."

"बरोबर. जड वस्तूला धक्का नाही द्यायचा, खांदा लावायचा आणि रेटत राहायचं. हळूहळू वेग घेते. आणि सायकल असेल तर? एक टिचकी पुरे. तसंच हे. जड गोळी, लांब नळी, तिला सावकाश जळणारी पावडर. शेवटपर्यंत रेटत नेते. हलक्या गोळीला जलद पावडर, थोडीशी, टिचकीपुरती. आता जलद पावडर जड गोळीमागं भरली, आणि तीही सावकाशीच्या मापानं, तर गोळी हलायच्या आत सगळी पेटते. त्या आगीला जायला जागा नाही. मग ती मागं येते."

"मागे म्हणजे?"

"माणसाच्या तोंडावर," मास्तर म्हणाले आणि परत भाताकडे वळले. ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "ही इज सो वियर्ड, बाबा." पण पुढच्या शुक्रवारी अंकल येणार का, हेही तिनंच विचारलं.

सहम गावाहून येणाऱ्या सालिमची गोष्ट इथेच सांगायला हवी. सालिम तिशीतला, सहमला त्याची खजुराची आणि लिंबांची शेती, क्लबाचा सगळ्यांत चांगला नेमबाज. मास्तरांच्या तक्त्यात तो 'सावकाश, जड, अस्सल' होता, आणि यापेक्षा वरची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. एकदा त्यानं आपल्या आजोबांची जुनी रायफल आणली. भावाच्या लग्नात ती वाजली पाहिजे अशी म्हाताऱ्या आजीची इच्छा होती. दुसरा कुणी असता तर चार काडतुसं भरून मोकळा झाला असता. मास्तरांनी तीन आठवडे घेतले. नळीत शिशाचा तुकडा ठोकून आतलं माप काढलं, भिंगातून झीज पाहिली, मग गोळीचं वजन ठरवलं, मग त्या वजनाला आणि त्या म्हाताऱ्या पोलादाला सोसेल अशी पावडर. थोडी थोडी वाढवत, प्रत्येक खेपेला रायफल टायरांच्या ढिगाला बांधून, लांबून दोरी ओढून. "सत्तर वर्षांच्या माणसाला पंगतीत बसवतोय," ते म्हणत, "जेवला पाहिजे, पण बाधता कामा नये." लग्नात रायफल वाजली. सालिमनं खजुराची एक अख्खी पेटी आणून दिली आणि मास्तरांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मास्तर लाजून भिंतीकडे बघत उभे राहिले.

त्या सुमारास त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी पावडरची चिमूट पांढऱ्या कागदावर टाकून भिंगाखाली तपासायची त्यांची पद्धत होती. पूर्वी त्याला अर्धं मिनिट लागायचं, आता पाच मिनिटं लागत. मी एकदा म्हणालो, "मास्तर, डोळ्यांचं दाखवून घ्या." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "दाखवलं की वैद्यकीय अहवालात येतं. अहवालात आलं की खलास. मग गावी जाऊन मी काय करू? तिकडं कुणाला काय तोलून देऊ?" त्यांच्या आवाजात भीती होती. ती मी त्यांच्याजवळ आधी कधी ऐकली नव्हती. हात आणि डोळे एवढीच त्या माणसाची मिळकत होती, आणि त्यातले डोळे जात चालले होते. मी गप्प बसलो. गप्प बसायची माझी सवय तिथपासूनची म्हणा.

आता जे सांगायचं ते सांगतो.

तो गुरुवार होता, दुपारचे तीन वाजलेले. मास्तरांनी हलक्या गोळीची काडतुसं भरत आणली होती. टेबलावर जलद पावडरचा डबा, मापाच्या नळकांड्यात उरलेली पावडर. मी दारात उभा होतो. एवढ्यात अर्बाबनी हाक मारली, "मास्टर! यल्ला, बर्रा! जल्दी बाहर! पोलीस आया, चेकिंग!" तपासणीला साहेब आले की मास्तरांना परवान्यांची फाइल घेऊन फाटकावर जावंच लागे. ते उठले, घुटमळले, नळकांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. "एवढं डब्यात परत घाल. डबा कपाटात. कुलूप लाव. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणालो.

मला त्या किल्लीचा अभिमान वाटला. खोटं का बोला? इतका वाटला की सांगितलं त्यापेक्षा जास्त करून दाखवावं असं मनात आलं. शनिवारी सालिमच्या जड गोळीची काडतुसं भरायची होती, ते मला ठाऊक होतं. म्हटलं, मास्तर परत येतील तेव्हा त्यांना पुढच्या कामाचा डबा तयार मिळेल. कपाट उघडून सावकाश पावडरचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. दोन्ही डबे काळे, एकाच कंपनीचे, लेबलावरचा आकडा तेवढा वेगळा. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तोही मी बाहेर ठेवायचा विसरलो होतो. बायकोचा फोन, मुलगी शाळेच्या बसमधून अजून उतरली नाही म्हणून. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून मी नळकांडं सोडवलं आणि ओतलं. मुलगी मैत्रिणीकडे उतरली होती, हे दोन मिनिटांत कळलं. दोन्ही डब्यांची झाकणं लावली, दोन्ही कपाटात ठेवले, कुलूप लावलं. कशात ओतलं, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. मास्तर घाईघाईनं परत आले, किल्ली गळ्यात घातली, कपाट ओढून पाहिलं आणि दुपारच्या असरची बांग झाली म्हणून चहा प्यायला गेले.

शनिवारी सकाळी त्यांनी चिमूट कागदावर टाकली, भिंगाखाली बराच वेळ पाहिली आणि भरायला बसले. अकरा वाजता सालिमनं पहिलंच काडतूस झाडलं.

आवाज वेगळा आला. क्लबात रोज शेकडो आवाज ऐकतो आम्ही, त्यात तो बसत नव्हता. मी धावलो तेव्हा सालिम गुडघ्यांवर बसला होता, रायफलचं लाकूड फाटून पडलेलं, डावा हात रक्तानं भरलेला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. तो ओरडत नव्हता, हाताकडे बघत होता. मास्तर माझ्या मागून आले. त्यांनी आधी सालिमच्या हाताला आपलं सुती फडकं गुंडाळलं, त्याला गाडीत बसवलं, मग खाली बसून फुटलेली पुंगळी उचलली. तिचा बुंधा बोटानं चाचपला. "जलद," ते पुटपुटले. बाकी काही नाही.

दुपारी पोलिसांसमोर दोन्ही डबे तोलले आणि भरलेली काडतुसं धरून नोंदवहीशी ताडले. एकात जेवढी कमी, दुसऱ्यात बरोबर तेवढी जास्त. अधिकाऱ्यानं विचारलं, हे कसं झालं. मास्तर त्या दोन डब्यांकडे बघत होते. मी त्यांच्यापासून चार पावलांवर. तो तराजू स्थिरावण्याआधीच मला सगळं दिसलं होतं: खांद्यावरचा फोन, दोन काळे डबे, माझे हात.

"मेरा हाथ," मास्तर म्हणाले. "मेरी आँख. मैंने सुबह देखा था. मुझे दिखा नहीं."

त्यांना गुरुवार आठवत नव्हता. पोलीस आले होते ते आठवत होतं, किल्ली दिल्याचं नाही. नऊ वर्षं रोज संध्याकाळी स्वतः केलेलं काम त्यांच्या मनानं त्या गुरुवारच्याही नावावर मांडून टाकलं होतं. अधिकारी माझ्याकडे वळला. "खोलीत यांच्याशिवाय कुणी जातं?"

मुलगी दहावीला होती. केस, तुरुंग, व्हिसा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. लोक म्हणतात अशा वेळी काही सुचत नाही. मला सगळं सुचत होतं.

"नाही," मी म्हणालो.

सालिमची दोन जखमी बोटं वाचली, पण सरळ झाली नाहीत. त्यानं तक्रार केली नाही म्हणून मास्तरांवर खटला झाला नाही. अर्बाबनी खोली बंद केली, डोळ्यांची तपासणी करवली, आणि अहवालात जे यायचं ते आलं. महिन्याभरात मास्तरांचं तिकीट निघालं. निघायच्या आदल्या दिवशी सालिम सहमहून भेटायला आला. हाताला पट्टी. त्यानं उजव्या हातानं मास्तरांना जवळ घेतलं आणि म्हणाला, "नसीब, उस्ताद. नसीब."

"नसीब नहीं, सालिम," मास्तर म्हणाले. "पावडर."

विमानतळावर मीच सोडलं त्यांना. अल अमेरातहून विमानतळ अर्ध्या तासाचा रस्ता. तो अर्धा तास माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. मी सिग्नल मोजले, हवा किती तापलीय ते बोललो, त्यांच्या गावाकडच्या केळ्यांच्या भावाची चौकशी केली.

दोन वर्षं गेली. मुलगी बारावी होऊन पुण्याला कॉलेजात गेली. आता गमवायचं फारसं उरलं नाही असं वाटलं, तेव्हा मला धीर आला. असल्या धीराला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. सुट्टीत पुण्याहून मी त्यांच्या गावी गेलो. भुसावळच्या पुढे, केळीच्या बागांमधलं गाव. मुलगा नाशिकला नोकरीला, घरी सून आणि लहान नातू. दार सुनेनं उघडलं. मास्तर ओट्यावर खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. मोतीबिंदू काढला होता. "आता लख्ख दिसतं," ते म्हणाले. "समोरच्या तारेवरचा पक्षी सांगू का कोणता आहे?"

मग मी आत पाणी प्यायला गेलो तेव्हा सून हळू आवाजात बोलली. "दादा, तुम्ही तिकडचे. जरा समजवा त्यांना. डोळे चांगले झाले तरी कशाला हात लावत नाहीत. गॅस पेटवत नाहीत. स्वतःच्या गोळ्या स्वतः घेत नाहीत, मला हातावर ठेवायला लावतात आणि दोनदा मोजायला सांगतात. बाळाच्या दुधात साखर घाला म्हटलं तर चमचा खाली ठेवून उठून गेले. म्हणतात, माझ्या हातून मिसळ होते."

मी ओट्यावर आलो आणि सांगून टाकलं. सगळं, ओळीनं. किल्ली, दोन डबे, फोन, पोलिसांना दिलेलं उत्तर. बोलताना माझं रडं आवरेना. ते शांतपणे ऐकत होते, काडतूस तपासताना ऐकत तसे.

"वार कोणता होता म्हणालास?"

"गुरुवार."

"गुरुवारी पोलीस आले होते. आठवते मले. नळकांडं रिकामं करूनच गेलो होतो मी."

"नाही मास्तर. तुम्ही मला सांगितलंत. किल्ली दिलीत मला."

"मी? तुले?" ते किंचित हसले. "अरे, ती किल्ली मी अर्बाबच्याही हातात दिली नाही कधी."

"मुलीची शपथ घेऊन सांगतो—"

"पोरीची शपथ घ्यायची नाही!" ते ओरडले. आतून सून डोकावली. मास्तरांनी आवाज खाली आणला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतोस, ते कळतंय मला. पण तुला खोटं बोलता येत नाही भो. तुझ्या हातून तसं झालं असतं ना, तर तू त्याच दिवशी, त्या पोलिसासमोर, पुढं येऊन सांगितलं असतंस. तेवढं ओळखतो मी तुला."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. त्यांनी मान हलवली, आणि मला दिसलं की मी कितीही वेळा सांगितलं तरी आता ते तिथून हलणार नाहीत. सून चहा घेऊन आली. त्यांनी तिला माझी ओळख करून दिली.

"हा आमचा मस्कतचा," ते म्हणाले. "माझ्यावरचा डाग स्वतःवर घ्यायला एवढ्या लांबून आलाय."